नावाचा रकाना

आमची मुलगी साडेतीन महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं, आणि त्याला कारण माझा राग. हे मी आधीच कबूल करून टाकते, कारण हा किस्सा घरात निघाला की माझा नवरा फिरून फिरून तिथेच येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी दिल्लीहून नाशिकला गेले होते. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते, नाव सांगते, आणि त्या वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही, पण घालतात, आणि त्यात सगळ्यात जास्त मजा त्या आत्यालाच येते.

आमच्या मुलीला आत्या एकच, नवऱ्याची मोठी बहीण. त्याच्याबरोबर मीही त्यांना ताईच म्हणते. नवरा शाळेत असतानाच सासूबाई गेल्या. तेव्हापासून त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं हे सगळं ताईंनी पाहिलं. त्या सांगलीला शाळेत गणित शिकवतात. त्यांचं लग्न झालं, आणि सातव्या वर्षी त्यांचे यजमान गेले. मूलबाळ नाही. मला दिवस गेल्याचं त्यांना कळवलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मुलगा होऊ दे नाहीतर मुलगी, दोन्ही नावं माझ्याकडे तयार आहेत. आत्ता विचारू नकोस हं. कानातच सांगणार." वर्गात बसलेली पोरं हात वर करून "मी सांगू? मी सांगू?" करतात ना, तसा त्यांचा आवाज लागला होता. इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी त्या रात्रभर एसटीचा प्रवास करून सकाळी आल्या. पिशवीत स्वतः शिवलेली तीन झबली. त्या दारात चपला काढत होत्या आणि आत स्वयंपाकघरात माझी मोठी काकू घुगऱ्या निथळत होती. काकू माणूस वाईट नाही. ते बारा दिवस बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला रोज तीच येत होती. तोंडाला मात्र तिच्या झाकण नाही. ती म्हणाली, "पाळण्यापाशी पहिली त्या कशा उभ्या राहणार? नावाला दुसरी कुणीतरी सवाष्ण बघा." बाहेरच्या खोलीतून मी ते ऐकलं, म्हणजे दारातही ऐकू गेलं असणार. ताई आत आल्या, हसल्या, बाळाला पाहिलं, झबली माझ्या हातात दिली. पण नाव ठेवायची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "मला जरा खोकला झालाय गं. बाळाला नको." आणि मागच्या खोलीत जाऊन बसल्या. सकाळपासून त्या एकदाही खोकल्या नव्हत्या.

मी बारा दिवसांची बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेला. उठून उभी राहिले. म्हटलं, "नाव ठेवतील तर ताई ठेवतील. नाहीतर राहू दे बिननावाची." आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी पंख्याकडे. कुणीतरी माझ्या मावशीचं नाव पुढे केलं. मी बाळाला पाळण्यातून उचललं आणि सरळ खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटल्या गेल्या, जेवणं झाली, फोटो निघाले. बारसं तेवढं राहिलं.

ताई संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "असं करू नये गं. लोकांसमोर." मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. उलट मी त्यांचं दुखणं सगळ्यांसमोर मांडून ठेवलं होतं. हे माझ्या लक्षात यायला पुढे बरेच दिवस गेले.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात नियमांच्या विभागात बसतो. तो म्हणाला, "जन्माचा दाखला नावाशिवाय निघतो. नाव नंतर घालता येतं." मी म्हटलं, "मी काय विचारतेय, तू काय सांगतोयस?" तो म्हणाला, "अगं, पण निघतो ना." या माणसाशी भांडण करायचं तरी कसं!

तर अशी ती बिननावाची दिल्लीला, आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. आमच्या जिन्यात सहा घरं आणि सहा राज्यं. ज्याने त्याने आपापलं लाडाचं काहीतरी म्हणायला सुरुवात केली. खालच्या बंगाली काकीमा तिला 'मामोनी' म्हणत, समोरचे मल्याळी आजोबा 'मोळे', नवरा 'मॅडम', मी दिवसभर छकुली आणि रात्री तिसऱ्यांदा उठवलं की महामाया. या सगळ्याला ती सारखंच हसायची. मला वाटायचं, हिला नावाची गरजच नाही, गरज आम्हालाच आहे.

मे महिन्यात दिल्लीला येणारी माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांना बदलीची ऑर्डर आलेली असते ती, आणि दुसऱ्या आमच्या ताई. शाळेला सुट्टी लागली आणि त्या तीन आठवड्यांसाठी आल्या. "तुझी रजा संपेल मग. आत्ताच जरा झोपून घे," म्हणाल्या. दिवसभर बाळ त्यांच्याच मांडीवर. अंगाई त्यांना येत नाही, पाढे येतात. बेच्या पाढ्यापासून सुरू करायच्या, हळू सुरात, पाठीवर थापटत. बाळ साधारण सतराच्या पाढ्याला झोपायचं. मीही.

नावाचा विषय मी चार वेळा काढला. एकदा कणीक मळताना, एकदा कूलरमध्ये पाणी भरताना, एकदा त्या खरबूज कापत होत्या तेव्हा, आणि एकदा काही निमित्त नसताना. दर वेळी तेच उत्तर, "अगं, मी विसरले बघ. तुम्हीच ठेवा काहीतरी छानसं." ज्या बाईला पंधरा वर्षांपूर्वी कुठल्या मुलीचा भूमितीत अर्धा मार्क गेला ते आठवतं, ती नाव विसरली म्हणे. चौथ्या वेळी मी चिडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या हाताने नको. उगीच पुढे काही झालं, बाळाला ताप आला तरी माझंच मन मला खाईल." मग मी विषय सोडला. त्यांनाही तसं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. मी आपली काकूवर रागावून बसले होते.

ताईंची परतीची गाडी रविवारी सकाळी होती. आणि शनिवारी बाळाची लस होती.

लस म्हणजे नुसती लस नाही. दिल्लीत बाळासाठी कायमचा डॉक्टर धरायचा होता. नवऱ्याने त्यासाठी ऑफिसातल्या सहा जणांना विचारून तक्ता केला होता. काकीमांना मी एकदाच विचारलं, त्यांनी सेक्टरच्या मार्केटमधल्या डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं, आणि तक्त्यातही त्याच पहिल्या निघाल्या. तक्ता करून झाल्याचं समाधान त्याला मिळालं, ते मी हिरावून घेतलं नाही. या बाई नवीन पेशंट फक्त शनिवारी घेतात, आणि त्यांची नोंदणी अकराच्या ठोक्याला बंद.

आम्ही साडेनऊला निघालो. तेव्हाच ऊन असं की रिक्षाच्या सीटवर हात ठेववत नव्हता. बाळाच्या डोक्यावर मी सरोजिनी नगरच्या मार्केटमधून घासाघीस करून आणलेली टोपी होती. ती तिच्या नाकापर्यंत यायची. अंगात ताईंनी शिवलेलं पांढरं झबलं. नवऱ्याच्या मांडीवर फाइल. तिच्यात जन्माचा दाखला, नाशिकचं लसीचं कार्ड, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स, आणि प्रत्येक झेरॉक्सवर त्याची सही.

दवाखाना वरच्या मजल्यावर, खाली केमिस्ट. वेटिंग रूममध्ये दोन लांब बाकडी, एक प्लास्टिकची घसरगुंडी, आणि कोपऱ्यात एक कूलर, जो हवेपेक्षा आवाज जास्त देत होता. दाराशी गार्ड. काउंटरवर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, हातभर बांगड्या, चष्मा कपाळावर. त्या शेजारच्याच मुनिरका गावातल्या घरमालकीण, हे आम्हाला पाच मिनिटांत कळलं, कारण फोनवर त्या घरी कुणाला तरी तिथल्या भाडेकरूच्या पाण्याच्या मोटरीबद्दल दम देत होत्या. फोन ठेवला आणि तोच आवाज आमच्यावर वळला.

"नया पेशंट? फॉर्म भरो जी. साफ़ साफ़ भरना."

साफ भरायचं म्हणजे माझ्या नवऱ्याचा आवडता खेळ. ताई बाळाला घेऊन बाकड्याच्या टोकाला बसल्या. मी मध्येच घुटमळत. त्याने वडिलांचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं, जन्मतारीख, जन्माच्या वेळचं वजन ग्रॅममध्ये, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी आहे का, आधीच्या लसी, पत्ता, क्वार्टरचा टाइपसुद्धा, जो कुणी विचारला नव्हता. पहिला रकाना तेवढा सोडून. मग तो फॉर्म त्याने अशा बेताने पुढे सरकवला की पहिल्या रकान्यावर त्याचा अंगठा येईल.

बाईंनी अंगठा उचलला. "नाम?"

"जी, अभी रखा नहीं है."

"कितने महीने की हो गई?"

"साढ़े तीन महीने."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "साढ़े तीन महीने की छोरी, और नाम नहीं? कोई सरकारी काम है क्या, जो फ़ाइल घूम रही है?"

रांगेत मागे उभे असलेले हसले. त्यातले निम्मे आमच्यासारखेच सरकारी नोकर असणार. नवऱ्याने घसा साफ करून नियम सांगायला सुरुवात केली की जन्माचा दाखला नावाशिवाय निघतो. बाई म्हणाल्या, दाखला निघत असेल, इथे फाइल निघत नाही. मागे एकदा दोन बाळांच्या आयांची नावं एकच निघाली होती, दोन्ही बाळं 'बेबी ऑफ' म्हणून लिहिलेली, आणि एकीची लस दुसरीच्या कार्डावर चढली. तेव्हापासून डॉक्टर मॅडमची सक्त ऑर्डर. कॉम्प्युटर नावाशिवाय पुढेच जात नाही. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला. पहिला रकाना लाल होऊन बसला होता.

"चलो, कुछ भी लिख दो अभी," त्या म्हणाल्या. "बाद में बदल लेना."

नवरा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "अगं यार, काहीतरी टेम्पररी लिहूया का? प्रोव्हिजनल. 'मॅडम' लिहितो."

"तू लिहूनच दाखव," मी म्हटलं. मी हे जरा मोठ्याने म्हटलं असावं, कारण गार्डने वळून पाहिलं.

मला टेम्पररी नको होतं. एकदा कॉम्प्युटरात काही गेलं की तेच चिकटतं. मग लसीच्या कार्डावर तेच, मग शाळेत तेच, आणि उद्या सकाळी ताई गाडीत बसल्या की झालंच. त्यांनी मनात ठेवलेलं ते नाव तिथेच राहणार, कुणाच्या कानात न जाता. मला रडूच यायला लागलं. मला राग आला की आधी रडू येतं, हे माझं जुनंच आहे.

रांगेतल्या लोकांना एव्हाना आमचा प्रश्न आपलाच वाटायला लागला होता. एका गृहस्थांनी तीन नावं सुचवली. आमच्या मागे उभ्या असलेल्या, नातवाला कडेवर घेतलेल्या सरदारणी आजींनी एक नाव सुचवलं आणि वर सांगितलं की पुढे मुलगा झाला तर तेच त्यालाही चालेल. घड्याळात पावणेअकरा होत आले होते.

काउंटरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "रुको सब. मुझे एक बात बताओ. तुम्हारे में नाम रखता कौन है?"

"बुआ," मी म्हटलं.

"लो! हमारे में भी बुआ ही रखती है. तो बुआ को फ़ोन लगाओ. कहाँ है बुआ?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी बाकड्याकडे पाहिलं. मग बाईंनी पाहिलं, मग रांगेने, मग गार्डने. बाकड्याच्या टोकाला ताई बसल्या होत्या. बाळाची टोपी नाकावरून वर सारत होत्या.

"ये है? यहीं बैठी है? और तुम लोग मेरा टाइम ख़राब कर रहे हो?" बाईंनी हात हलवून बोलावलं. "आओ बहनजी, आओ. नाम बोलो."

ताई उठून आल्या. चेहरा उतरलेला. मला म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग ना तू. मी नको."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

हे मी कठोरपणे म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला वाईट वाटलं. नाशिकला केलं तेच मी परत केलं होतं, लोकांसमोर. पण ताई आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवत आलेल्या. परक्या बाईशीसुद्धा त्यांना खोकल्याची सबब सांगवेना. त्यांनी आपल्या सांगलीच्या हिंदीत, हळू पण स्पष्ट सांगितलं, "बहनजी, मैं नहीं रख सकती. मैं विधवा है. हमारे में ऐसा चलता नहीं."

नवऱ्याने मान खाली घातली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

बाईंना मात्र काही झालं नाही. त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला, पेन उचललं, आणि पेनाचं टोक एकेका रकान्यावर ठेवत वरून खाली आल्या. "माँ. बाप. जन्म. वज़न. एलर्जी. टीके. पता." पान उलटलं, मागची बाजूही पाहिली. "इसमें तो ऐसा कोई कॉलम है नहीं, जी. आप नाम बोलो. ग्यारह बजने को हैं."

त्यांना कुणाची समजूत घालायची नव्हती, कुणाला सुधारायचं नव्हतं. त्यांना फॉर्म पुरा करायचा होता.

ताईंनी बाळाला माझ्याकडे दिलं, पर्समधून चष्मा काढला, आणि फॉर्म हातात घेतला. वर्षानुवर्षं परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे, शाळा सोडल्याचे फॉर्म तपासणारी ती बाई. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बोट ठेवून वाचला. मागची बाजू वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरंच नाहीये गं."

आणि हसल्या. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत.

"दे तिला इकडे," म्हणाल्या.

मी बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिची ती मोठी टोपी काढली, कानाशी तोंड नेलं, आणि असं खणखणीत 'कुर्रर्र' केलं की घसरगुंडीवरचा एक मुलगा जागीच थांबला. मग कानात काहीतरी पुटपुटल्या, ते फक्त बाळाने ऐकलं. आणि मी? साडेतीन महिने वाट पाहिलेली. मी दोन्ही मुठी वळल्या आणि ताईंच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

"मैडम! मैडम! मारो मत!" गार्ड धावत आला.

नवरा त्याला आडवा गेला. हातातली फाइल छातीशी धरून तो शुद्ध सरकारी हिंदीत सांगू लागला, "देखिए, यह हमारी परंपरा है. नामकरण के समय बुआ की पीठ पर प्रहार किया जाता है." प्रहार! सरदारणी आजींना मात्र भाषणाची गरज पडली नाही. नातवाला एका हाताने सावरत त्या पुढे आल्या, "लै, मेरे वल्लों वी," म्हणजे घे, माझ्याकडूनही, म्हणत एक धपाटा त्यांनी घातला. काउंटरच्या बाई खुर्चीतून उठल्या, काउंटरवरून वाकल्या, आणि बांगड्या वाजवत एक त्यांनीही. ताई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाळ त्यांच्या मानेशी डोकं घुसळत होतं. मी तर उघडच रडत होते. पुसायला काही सापडेना, तर मी नवऱ्याच्या झेरॉक्सपैकी एकीने डोळे पुसले. तीन होत्याच.

"अब तो बोलो," बाई म्हणाल्या.

ताईंनी नाव सांगितलं. आधी एकदा पूर्ण, मग एकेक अक्षर सुटं करून, वर्गात फळ्यावर लिहून देतात तसं. नवऱ्याने ते पहिल्या रकान्यात लिहिलं. त्याचं अक्षर छापल्यासारखं असतं, पण त्या एका ओळीत ते रकान्याबाहेर गेलं आहे. तो फॉर्म आजही त्या दवाखान्यात असेल. काउंटरच्या बाईंनी ते कॉम्प्युटरात घातलं, लाल रकाना पांढरा झाला, आणि अकराला सहा मिनिटं असताना आमची मुलगी पेशंट झाली.

नाव काय ते मी इथे लिहीत नाही. चांगलं आहे, तीन अक्षरी आहे, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर मला क्षणभर वाटलं की हे मला आधीपासून माहीत होतं.

टोकन घेऊन आम्ही बाकड्यावर बसलो. मी नाशिकला फोन लावला. आईने ऐकलं आणि ती रडायलाच लागली. मागून काकूचा आवाज आला, "काय झालं? बाळ बरं आहे ना?" मग फोन काकूने घेतला. मी म्हटलं, नाव ठेवलं, ताईंनी. मग तिने ते नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि म्हणाली, "छान आहे." एवढं बोलून फोन ठेवला. काकूच्या मानाने हे पुष्कळ होतं.

ताई बाळाला मांडीवर घेऊन पुन्हा पाढ्यांवर आल्या होत्या. मी विचारलं, "ताई, आणि तिला ताप आला तर?"

त्या म्हणाल्या, "येणारच की. लस आहे ना आज." आणि पुढच्या पाढ्याला लागल्या.

आमच्या आधी चार मुलं होती. नवऱ्याने नाव पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं, का ते विचारू नका. मी डोळे मिटून भिंतीला टेकले. आतून डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार उघडलं आणि नर्सने एक नाव पुकारलं.

कुणी उठलं नाही.

तिने पुन्हा पुकारलं, जरा चिडून. मी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. कुणाची मुलगी आहे, आईबापांचं लक्षच नाही, असं खरंच माझ्या मनात आलं. नवराही रांगेकडे बघत होता, चिठ्ठी हातात धरून.

तिसऱ्यांदा पुकारल्यावर ताई ताडकन उठल्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची हजेरी घेतलेल्या ताई. बाळाला त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरलं, दारातल्या नर्सला नीट दिसेल असं, आणि तिच्या वतीने मोठ्याने उत्तर दिलं.

"हजर!"